नोंदींची दुसरी प्रत

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेले हवामान-संशोधक जोडपे मोहिमेची आखणी करीत होते. माझी दृष्टी मंदावली असली, तरी कान शाबूत आहेत.

"परतताना फुगे आणि गॅसच्या टाक्या ट्रकमध्ये. नोंदींची एक प्रत माझ्या जीपमध्ये, दुसरी तुझ्या."

"लग्नानंतरची पहिली मोहीम, आणि आपण वेगळ्या गाड्यांत?"

"गेल्या वर्षी दोन्ही प्रती एकाच जीपमध्ये होत्या. जीप ओढ्यात गेली, सगळी मोजमापं पाण्यात."

"मग दुसरी सरांच्या गाडीत देऊ."

"सर स्वतःचा चष्मासुद्धा विसरतात गं."

"जेवणाचा डबा कधी विसरलेत?"

"छे."

"मग डब्याच्या पिशवीतच ठेवते."

"बरं. आणि तू?"

"तुझ्या शेजारी. फक्त जपून चालव, माझी दुसरी प्रत नाही."