बंद राहिलेला पंप

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल टम्म सुजला होता, पण तोंड काही थांबत नव्हतं.

“ताई, ह्यांच्या त्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीतली निम्मी प्रवाळं मेली, आणि खापर फोडलं माझ्यावर!”

“तू काय केलंस?”

“मी? माशांचं खाणं वाहून जाऊ नये म्हणून पंप ह्यांनीच बंद केला. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत बाहेर पडले, ते थेट संध्याकाळी उगवले. पाणी फिरलं नाही तर प्रवाळं गुदमरतात, हे मला उठता-बसता ऐकवणारे हेच!”

“मग तुला कशाला बोलतात?”

“सासूबाईंसमोर म्हणाले, ‘दिवसभर घरात असतेस, पंपाची घरघर थांबलेली कळू नये?’ भिंतीच्या अल्याड टाकी आणि पल्याड माझी उशी. लग्न झाल्यापासून ती घरघर डोक्याशी घेऊन झोपतेय मी!”

“तेच तर. इतक्या सवयीचा आवाज, थांबलेला कसा कळणार?”

“न कळायला काय झालं? लगेच कळलं.”

“अगं, मग?”

“मग काय, आडवी झाले. अशी झोप लागली म्हणून सांगू!”