लवूच्या खोलीचं गिऱ्हाईक

—अहो थांबा, वर नका जाऊ एवढ्यात. लवूचीच खोली ना, पहिल्या मजल्यावरची, जिन्यालगतची? कळलं मला. कोपऱ्यावर पानवाल्याला विचारत होतात तेव्हाच म्हटलं, खोली बघायला माणूस आला. बसा या पायरीवर. वास येतो? येणारच, सुकट विकते मी. जरा रुमाल धरा नाकाला, आणि ही कमळ काय सांगते ते ऐका. नंतर म्हणाल, शेजारीण असून एका शब्दाने बोलली नाही.

खोली झकास आहे, मी कुठे नाही म्हणते? खाली गाळे, वर घरं, नळ आत — आणि कुठल्या सेठने नाही बांधली, आम्ही बांधली. कंपन्यांच्या मागचा हा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी झोपड्या आणि मधून गटार, अख्ख्या अंधेरीत असा उकिरडा नव्हता. लवू संपात गिरणीतून बाहेर पडला तो इथे आला आणि म्हणाला, आपणच सोसायटी करू, आपणच बांधू. लोक हसले ना. पण त्याने काय केलं सांगू — भर रस्त्यात चुन्याची फक्की मारून घरं आखली, खऱ्या मापाची, आणि आम्हा बायकांना आत बसवलं. चूल कुठे, मोरी कुठे, पोरं झोपणार कुठे, तुम्हीच सांगा म्हणाला. मी भांडून माझी मोरी इकडची तिकडे करून घेतली. त्या दिवसापासून कोणी हसलं नाही.

पण इथल्या एका बिल्डर सेठला हा रस्ता हवा होता, दुकानं काढायला. भर दुपारी टेंपो भरून माणसं पाठवली त्याने. सोड्याच्या बाटल्या, सायकलच्या चेनी, दोघांकडे तलवारी — मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पलीकडची रांग पेटवली. आम्ही काय कमी? मिरचीची पूड फेकली तोंडावर, एकाला तर बायकांनी गटारात लोळवून वरवंट्याने असा ठेचला, की तो पुन्हा या बाजूला फिरकला नाही. माझ्या पोराच्या डोक्यात बाटली फुटली. रक्ताने डोळे मिटलेले त्याचे, आणि लवूने त्याला कवेत उचलून हॉस्पिटलात नेलं, मागून चेनी पाठीवर पडतायत तरी खाली टाकला नाही. हे आधी ऐका. पुढचं नंतर.

तर मग सिमेंटचा ट्रक अडवला सेठने, तिकडे हायवेच्या तोंडाशी. किती दिवस उभा. पायासाठी खड्डा खणून तयार, सिमेंट नाही. आणि एका संध्याकाळी लवू सेठच्या गाडीतून उतरला. सेठच्या, हां, पांढऱ्या गाडीतून, इथे नाक्यावर, सगळ्यांसमोर. विचारलं तर काही बोलेना. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजावं? फुटला, असंच ना? आम्ही तेच समजलो.

पाया भरायच्या दिवशी गाऱ्हाणं घातलं. तुम्ही घाटावरचे वाटता, तुमच्यात नसेल. आमच्या कोकणात काम धरायच्या आधी नारळ ठेवतात, जाणता माणूस देवाला हाक मारून सगळं सांगतो, मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी म्हणायचं, होय महाराजा. ऐकून विचार करून नाही हो म्हणत कोणी, जीभच म्हणते. बळवंतमामा सांगत होते — काम तडीस ने, होय महाराजा. पोराबाळांका सांभाळ, होय महाराजा. आणि मग लवूकडे न बघता म्हणाले, “जो कोण आमच्यातलोच फुटलो आसात, तेचो हात मोडान पडांदे रे म्हाराजा.” होय महाराजा. सगळे म्हणालो. मीही. आणि सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं? लवू. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक त्याचंच चाललंय.

नारळ फुटला आणि पोरं उठली. देवाने कौल दिला म्हणून ओरडत लवूला खड्ड्याच्या काठावर पाडला. एकजण मानेवर बसला, नंदूने उजवं मनगट ओढून दगडावर धरलं आणि तिसऱ्याने पहार उलटी करून घातली — एकदा नाही, हाडाचा आवाज येईपर्यंत. नलिनी, त्याची बायको, माझ्या पायाला मिठी मारून रडत होती. मी काय करणार? नंदू ऐकतो थोडाच माझं? ... हो, माझाच. डोकं फुटलेला, तोच. आता कळलंच आहे तर कळू दे. पण त्याने फक्त धरलं होतं, पहार त्याच्या हातात नव्हती, हे लक्षात ठेवा.

लवूने पोलिसांना सांगितलं, परांचीवरून पडलो. अहो, पाया भरला नाही तर परांची कुठली? पोलिसही हसला असेल. पुढे ट्रकच्या ड्रायव्हरने आम्हाला खरं सांगितलं. सेठने ट्रक सोडायला लवूला आपल्या गुंडांसमोर कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या, गळून पडेपर्यंत, आणि मग मुद्दाम गाडीतून इथे सोडला, लोकांना दिसावं म्हणून. ते त्याला सांगायची लाज वाटली. त्याच सिमेंटवर बसलोय आपण, तुम्ही नि मी.

म्हणून म्हणते, ही खोली घेऊ नका. लवूला इथून जाऊ द्यायचं नाही मला. खोट्यावर घातलेलं गाऱ्हाणं उलटतं, भाऊ. गेल्या महिन्यात कंपनीत प्रेसखाली नंदूची दोन बोटं गेली. गेली ती गेली, पण पुढे काय? हात, की जीव? येत्या सोमवारी मामा गाऱ्हाणं मागे घेणार आहेत, मी पाया पडून त्यांना कबूल करवलंय. पण ज्याच्यावर घातलं तो समोर उभा लागतो. आणि मला त्याच्याशी एकदा बोलायचंय. तो जिन्यात भेटतो रोज, मी रोज म्हणते आज बोलेन, आणि विचारते काय, तर पाणी आलं का. माझ्या पोरासाठी तरी तुम्ही दुसरीकडे बघा. मालाडला मिळतात खोल्या.

काय? बघायला नाही आलात, मग?

दाखवा बघू. ही तर त्याचीच चावी. कधी दिली तुम्हाला? आज सकाळी? आज सकाळी तर मी इथेच होते. नलिनी पिशव्या घेऊन उतरली, तो मागून ट्रंक खांद्यावर घेऊन. मी विचारलं कुठे, तर म्हणाली गावाला. मी म्हटलं, येताना काजू आणा. लवू हसला. माझ्याकडे बघून हसला हो तो.

नाही, काही नाही झालं मला. डोळ्यांत सुकटीची धूळ गेली.

जा तुम्ही वर. घर तुमचं आहे आता, मी कोण अडवणार? भिंत एकच आहे आपली, खोकलात तरी ऐकू येईल, तेव्हा मी आज जे बोलले ते नंदूसमोर — जाऊ दे. जा म्हटलं ना, गिऱ्हाईक खोळंबलंय माझं. आणि कडी डाव्या हाताने ओढा, उजव्याने जमत नाही ती. त्याने आपल्याला जमेल तशी बसवलीय.