सव्वा महिना अळणं

शैला : एवढंच विचारतेय काकू, की पौर्णिमा पाणी नीट पितेय ना?

पार्वताबाई : पेते न. माठ भरला का खाली होते. पण शैलाबाई, अमरावतीच्या दवाखान्यात तुमाले दुसरं काम नाई का? माह्या सुनेच्या पाण्याची चौकशी कराले फोन लावता.

शैला : हेच काम आहे. मनाच्या आजारासाठी लिथियमची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांच्या घरी उन्हाळ्यात फोन करायचा, असं आम्ही यंदा ठरवलंय. घाम गेला, अंगातलं पाणी कमी झालं, की ही गोळी रक्तात साचते. गुणाची आहे, पण नखरे फार तिचे.

पार्वताबाई : नखरे असू द्या. दोन वर्षं पोरगी आपल्या ध्यानात नव्हती. या गोळीनं वापस आणली. तिले नावं ठेवू नका.

शैला : नाही ठेवत. जुलाब वगैरे?

पार्वताबाई : जुलाब नाई. काल उलट्या झाल्या. उन्ह लागलं असन. चांदूर रेल्वेकडे यंदा असं तापून राह्यलं का कुत्रं बी बाहीर निघत नाई.

शैला : अंगदुखीची, डोकेदुखीची गोळी दिलीत का एखादी?

पार्वताबाई : नाई बा. तुमाले इचारल्याबिगर म्यां तिले काईच नाई देत.

शैला : काय पडलं ते?

पार्वताबाई : गिलास. सुटते तिच्या हातातून. कालपासून हात थरथरून राह्यले. चालते बी अशी, जशी पेलेली. म्यां म्हटलं बिमारी वापस येऊन राह्यली का काय. म्हणून रातची गोळी आताच देऊन देतो, अन् वरून अजून एक...

शैला : देऊ नका.

पार्वताबाई : आँ?

शैला : एकही गोळी देऊ नका काकू. आजची नाही, रात्रीची नाही. पाकीट कुठं आहे?

पार्वताबाई : माह्या हातात.

शैला : कमरेला खोचा. डॉक्टर सांगेपर्यंत तिथंच राहू द्या. आणि पौर्णिमाला फोन द्या जरा.

पौर्णिमा : ता... ताई.

शैला : पौर्णिमा, नवऱ्याचं नाव सांग बघू.

पौर्णिमा : नि... नितेश. जीभ जड झाली ताई. बोलाले येत नाई.

शैला : कळलं मला. घाबरू नकोस. आत्यांकडे, सासूबाईंकडे दे फोन. ...काकू, ऊन लागलं म्हणून तुम्ही तिला काय दिलंत?

पार्वताबाई : तळपायाले कांदा घासला. कैरीचं पन्हं पाजलं, दोन गिलास.

शैला : गूळ-मीठ घालून?

पार्वताबाई : गूळ. मीठ कसं टाकीन? अळणं हाये न आमचं.

शैला : कोणाचं अळणं?

पार्वताबाई : माहं. अंबादेवीले बोलली होती मी. माही सून सुधरू दे माय, सव्वा महिना मिठाले हात लावणार नाई. सुधरली, त फेडून राह्यली.

शैला : तुम्ही फेडताय. आणि पौर्णिमा काय खाते?

पार्वताबाई : ते कुठी ऐकते? पहिल्याच दिवशी ताट घेऊन माह्यापाशी येऊन बसली. म्हणे आत्या, बिमार मी पडली अन् मीठ तुमी सोडता? मी बी संगतच जेवीन. तवापासून दोघीयचा एकच सैपाक. नितेश वरून घेते मीठ.

शैला : काकू, नीट ऐका. अंगात मीठ कमी पडलं की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. त्यात हा उन्हाळा. तिचा आजार परत आलेला नाही. तिला ती गोळीच चढतेय.

पार्वताबाई : मंग मीठ देऊ का? पाण्यात टाकून पाजतो.

शैला : नाही. आता घरचा इलाज नाही. रक्त तपासायचं, सलाईन लावायचं. लगेच निघा.

पार्वताबाई : नितेश अकोल्याले गेला हो, सरकी घेऊन. संध्याकाळी येईन तवा...

शैला : नितेशची वाट पाहायची नाही. मी अँब्युलन्स बोलावते.

पार्वताबाई : ते येईलोक आमी अर्ध्या रस्त्यात असू. नत्थुजीची जीप समोरच उभी हाये. नत्थुजी, ओ नत्थुजी, गाडी काढा. आमची पौर्णिमा... गाडी काढा तुमी.

शैला : मागच्या सीटवर कुशीवर निजवा. फोन बंद करू नका, मी आहे. पाकीट सोबत आणा.

पार्वताबाई : कमरेलेच हाये.

(तिसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात, पौर्णिमाच्या पलंगापाशी.)

शैला : काय म्हणाले मग केदार डॉक्टर सगळ्यांच्या बैठकीत? रागावले का?

पार्वताबाई : नाई. तेच त समजून नाई राह्यलं. मी मनाची तयारी करून गेली होती. माह्याच हातानं पोरगी चालली होती, मंग झाडतीन नाई त काय? त खुर्ची देली मले. म्हणे काकू, कोणाची चुकी ते नाई पाहून राह्यलो, आमच्याकडून कुठी निसटलं ते पाहून राह्यलो.

शैला : मग सापडलं का?

पार्वताबाई : म्हणे जेवणात बदल करू नका, असं आमी नितेशले सांगतलं होतं. म्यां म्हटलं डॉक्टरसाहेब, नितेशले घरात तेलाचा डबा कुठी असते ते बी ठाव नाई. सारे हासले. पण हासून सोडून नाई देलं. आता म्हणे, घरात जे बाई रांधते तिलेच बलावून सांगू.

शैला : आणि फोनवर उपास, अळणं, नवस, सगळं विचारायचं. पाणी पिता का, हे मी इतक्या जणांना विचारलं, पण मिठाचं कधी सुचलंच नाही मला. तुमच्या पन्ह्यामुळं कळलं.

पार्वताबाई : मी डोळ्यानं पाहून राह्यली होती, मले नाई समजलं. तुमी अमरावतीत बसून चांदूरच्या घरात पडलेला गिलास ऐकला. लय मोठं काम करता शैलाबाई तुमी. मले बोलता नाई येत तुमच्यासारखं, पण लय मोठं.

शैला : माझं मोठेपण राहू द्या, आधी या तुमच्या सुनेला समजवा. आजपासून नेहमीसारखं मीठ घातलेलं जेवण द्यायचं. हे ताट केव्हाचं ठेवलंय, हात लावत नाही ती.

पौर्णिमा : नाई म्हणत नाई मी ताई. आत्याचं पुरं होऊ द्या, थोडेच दिवस राह्यले. मंग खातो न.

शैला : तोवर गोळीचं काय? तू नीट जेवल्याशिवाय डॉक्टर ती पुन्हा सुरू करणार नाहीत.

पौर्णिमा : ताई, मी माह्या ध्यानात नव्हती तवा आत्याले मारलं बी हाये मी. तरी वेणी घालून देत माही. सारे म्हणत, तिले अकोल्याले माहेरी धाडून द्या. यायनं नाई धाडलं. आता देवीचं देणं यायच्या एकटीच्या जिवावर टाकू, अन् मी यायच्या समोर खारं जेवू?

शैला : समोर नको. काकू दुसरीकडं बसून जेवतील.

पौर्णिमा : पण मले त मालूम असन न.

शैला : काकू, तुम्ही बोला.

पार्वताबाई : काय बोलू? बोलली मी होती, हे कुठून मधात आली? अन् भेव मलेच लागून राह्यलं शैलाबाई. देवीनं माणूस वापस देलं. नवस अर्ध्यावर सोडला, अन् तिनं वापस नेलं त? ते दोन वर्षं मी पाह्यले हायेत.

शैला : देवीचं मला काही सांगता येणार नाही काकू. गोळीचं सांगता येतं. ही बंद राहिली तर...

पार्वताबाई : पुढचं बोलू नका. मालूम हाये मले.

शैला : बरं.

पार्वताबाई : काय हाये त्या ताटात?

शैला : वरण-भात. आलू-वांग्याची भाजी.

पार्वताबाई : द्या इकडे.

पौर्णिमा : आत्या, तुमी काय करून राह्यल्या? आत्या, नका न.

पार्वताबाई : मीठ कमीच हाये शैलाबाई तुमच्या वरणात.

पौर्णिमा : मोडला न नवस तुमचा.

पार्वताबाई : मोडला. आता ते माह्या अन् देवीच्या मधातलं हाये. तू घास घे.