मरियामाता आणि शिळा पाव

सन्माननीय अध्यक्ष महापौरसाहेब, शेजारी बसलेले बिशपमहाराज, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपल्या चर्चचे प्रमुख, डीन फेलसाहेब, आणि चहाची वेळ टळल्यामुळे माझ्याकडे रागाने बघणाऱ्या वेनबरीकर बंधुभगिनींनो,

चर्चच्या शाळेत मी एकवीस वर्षं जलरंग शिकवतो. डीनसाहेबांबद्दल चार गोड शब्द बोला, अशी मला आज्ञा आहे. तीन जमलेत.

सतरा वर्षांपूर्वी ओल लागून चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीचा चुना पडला आणि आतून जुन्या काळी रंगवलेली मरियामाता बाहेर आली. निळा झगा, किंचित तिरपी नजर. मी लगेच कागद ताणून बसलो. चित्र झालं, तर मागे डीनसाहेब उभे.

"मास्तर, ही बाई कोण?"

"येशूची आई, साहेब."

"ते मलाही ठाऊक आहे. सोमवारी बिशप येताहेत. आपण पडलो प्रोटेस्टंट; असली चित्रं दिसली की त्यांना आपण पोपचे हस्तक वाटतो. भिंतीचं मी बघतो, कागदाचं तुम्ही बघा. नोकरी हवी आहे ना?"

हवी होती. घरात तीन मुली होत्या. जलरंग पुसून काढायचा तर कागद ओला करून रंग टिपायचा आणि शिळ्या पावाने घासायचं. मी अर्धा पाव संपवला. मातेच्या जागी पांढरा डाग उरला. भिंतीला जोसाया गवंड्याने त्याच दिवशी पांढरं फासलं.

तेव्हापासून मी गावभर सांगत आलो, की डीनसाहेबांना कलेतलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीही हसलात, आता खाली काय बघता?

मग बिशप बदलले. हे आपले नवे बिशपमहाराज जुन्या चित्रांचे भोक्ते. त्यांनी भिंत मोकळी करायला सांगितली. गेल्या मंगळवारी जोसाया तिथे नुसता ओला स्पंज घेऊन आला.

"अरे, चुना स्पंजने निघतो होय?" मी विचारलं.

"चुना कसला, मास्तर? खडूची भुकटी अन् पाणी. डीनसाहेबांनीच तेव्हा बजावलं होतं, चुना घालशील तर याद राख. अन् मास्तरांना सांगू नको, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मरियामाता अखंड बाहेर आली. नजर तशीच तिरपी, थेट माझ्यावर.

माझ्या कागदावर मात्र ती परत येत नाही. घासलेला कागद रंग धरत नाही. मी तीनदा रंगवून बघितलं. कलेचा कैवारी मी, आणि तिला कायमची पुसणाराही मीच. मला लाज वाटते.

असो. इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर सभेने पोटात घालावं, अशी रीत आहे. आजच्या भाषणापुरतं सभेने घालावं. डीनसाहेब, मागची सतरा वर्षं मात्र तुम्हालाच पोटात घालावी लागतील.