कानाझावात एक निवांत दिवस

…नाही, पण मला एक सांगा, निवांत म्हणजे माणसानं नेमकं करायचं काय? उभं राहायचं? बसायचं? नुसता श्वास घेत राहायचा? कारण आमची फ्लॉरेन्स, आमची मिसेस हो, जपानला उतरल्यापासून तिचा एकच धोशा, "अहो, आज पळायचं नाही, आज निवांत!" आणि मी कोण? आमच्या व्हिटबी गावात स्नो पडायच्या आधीच फावडं घेऊन ड्राइव्हवेत उभा राहणारा माणूस! मुलानं, नोआमनं, तिकिटं काढून दिली तेव्हाच बजावलं होतं, "डॅड, जस्ट चिल, ओके?" अरे, चिल काय चिल! चिल इथे कॅनडात सहा महिने असतंच की!

तर कानाझावा नावाचं शहर. सुंदर हो, नाही कोण म्हणतंय? मोठी बाग, म्हातारे पाइन, वाकलेल्या फांद्यांना खालून टेकू. मी म्हटलं, झालं बघून, चल. तर म्हणते, "बघितलंत कुठे? तुम्ही फक्त फोटो काढलात." आता फोटो घरी जाऊन निवांत बघता येतो की नाही? नाही! तिला तिथेच बघायचं!

मग आइस्क्रीम. वरून सोन्याचा वर्ख! ती चाटतेय आपली हळूहळू, डोळे मिटून, आणि मी शेजारी… "अगं वितळतंय, आवर!"

मग जुन्या लाकडी घरांची गल्ली, तिथे एक वाडग्यांचं दुकान. तुम्हाला सांगतो, एक वाडगा उचलते, उलटा करते, सुलटा करते, ठेवते, पुन्हा तोच उचलते! मी म्हटलं, "तोच आहे तो!" दुकानवाली हसली. फ्लॉरेन्स नाही हसली. म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या. मी इथे निवांत आहे."

गेलो. बसचं टाइमटेबल बघून आलो. दुसऱ्या बसचंही बघून आलो, आलोच आहे तर! परत येतो तो… दुकानात फ्लॉरेन्स नाही! आणि तिचा फोन? माझ्या खिशात! तिला मॅप बघायला वेळ लागतो म्हणून मीच ठेवून घेतलेला. दुकानवालीला विचारलं, ती कमरेत वाकली, डावीकडे बोट. डावीकडे गेलो, तिथला दुकानदार वाकला, उजवीकडे बोट. आता तो वाकला की आपल्यालाही वाकावं लागतं, आपण वाकलो की तो पुन्हा वाकतो… अहो, बायको हरवलीय माझी, वाकत काय बसलोय मी!

शेवटी कोपऱ्यावरची पोलीस चौकी. एक पोलीसबाई. तिनं फोनमध्ये काहीतरी म्हटलं, फोन मला इंग्लिशमध्ये विचारतो, "व्हॉट इज युवर वाइफ वेअरिंग?"

कोट, म्हटलं. रंग?

रंग… निळा? हिरवा? तुम्हाला सांगतो, बसचा नंबर पाठ, स्टॉप पाठ, आणि एवढ्या वर्षांचा संसार करून बायकोच्या कोटाचा रंग… पोलीसबाईनं माझ्याकडे असं बघितलं, रागानं नाही हो, दयेनं! चहा आणून दिला. खुर्ची दाखवली. "सिट, प्लीज."

बसलो. तिला भाषा येत नाही, फोन नाही, बीपीच्या गोळ्याही माझ्याच बॅगेत. आणि दिवसभर मी तिच्याशी बोललो काय? "चल." "आवर." "तोच आहे तो."

अंधारायला लागलं आणि दारात हसण्याचा आवाज. फ्लॉरेन्स! हातात पिशव्या, बरोबर दुकानवाली, जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या! मला बघून म्हणते, "अय्या, तुम्ही चक्क बसलात?"

"होतीस कुठे?"

"नदीकाठी. एक आजी भेटल्या, त्यांनी चहा पाजला. खूप गप्पा मारल्या."

"कुठल्या भाषेत?"

"त्या त्यांच्या, मी आपली मराठीत. मला वाटलं, तुम्ही पुढचं सगळं बघायला गेला असाल. परत दुकानात आले तर ह्यांनी तुम्हाला चौकीत शिरताना बघितलेलं, खुणेनं सांगितलं."

"अगं, भीती नाही वाटली?"

"कशाची? अहो, किती वर्षांनी इतका निवांत दिवस गेला!"

बसमध्ये तिचा हात धरला, तो हॉटेल येईपर्यंत सोडला नाही. कोट मरून रंगाचा होता. बर्थडेला मीच घेतलेला म्हणे!

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं सगळं. थांबा! घरी आल्यावर बाईनं परत तिकीट काढलं, जपानचंच. एक! मी म्हटलं, "आणि मी?" तर गालाला हात लावून, अगदी प्रेमानं म्हणते, "तुम्ही आलात तर निवांत कसं होणार हो?"

येत्या गुरुवारी निघतेय. मला काम एवढंच, एअरपोर्टला सोडायचं. फ्लाइट रात्रीची आहे… आम्ही सकाळी निघतोय.