शटडाऊनच्या दिवशीचं पानी

नाय मॅडम, त्या कॅनमधलं नेऊ नका — लॅबमधी नळाचंच पानी तपासायचं तर तुमच्या कॉलेजचा नळ काय वाईट हाय? बसा. ही टाकी, वरची ही तिरकी काच — सगळं आमच्या रूपेशनं केलंय. माझा पोरगा, पावने एमआयडीसीत वर्कशॉपला हाय. खाडीतली तिवरं बगितलीत ना? खारं पानी पितात नि मीठ पानावर काढून टाकतात. तशीच ही काळ्या कापडाची पानं — खाडीचं पानी वर ओढतात, उन्हानं वाफ होते, काचेवरनं गोडं पानी कॅनमधी, मीठ पानांच्या टोकाला. माझ्यासाठी केलं हो त्यानं. मिठागर गेलं, तवापासून मी नुसता बसून — खोल्यांची भाडी येतात, पन हाताला काम नाय.

आनि रोज कॅन भरलेला! मी काय केलं — अख्ख्या बोनकोडे गावाला पाजलं. गावदेवीला आंघोळ घातली, खाडीचं गोडं पानी म्हनून. परवा पालिकेचा शटडाऊन. ऊन असं की गच्चीवर पाय ठरंना, नि कॅनमधी किती? वाटीभर! ऊन नव्हतं बंद, मॅडम, नळ बंद होता. रोज संध्याकाळी मी देवळात गेलो की पोरगा बादलीनं कॅन भरायचा — बापाला बरं वाटावं म्हनून.

चोरी केली असती तर दोन कानाखाली दिल्या असत्या. ह्यानं माझ्या हातात खुळखुळा दिला! नि मी मिठागरवाला — थेंब जिभेवर घेऊन सांगायचो, पानी पुढच्या वाफ्यात सोडायचं का नाय. ह्या पान्याला पहिल्याच दिवशी नळाच्या औषधाचा वास होता. पन आमची जीभ मीठच शोधते, मीठ लागलं नाय, झालो खूश — नाय, वास आला होता मला. चांगला आला होता. जाऊ द्या.

ती वाटी खरी होती ना! रोज वाटीभर निघत असनार, नि हा तिच्यावरच नळाचं ओतायचा. एवढ्यात बापाचं भागनार नाय, हे ह्यानंच ठरवलं. एकदा विचारायचंस रे मला. चाललं असतं. वाटीभर चाललं असतं.

ही बाटली न्या — परवाच्या वाटीतलं हाय, झाकन घट्ट — थांबा. जिन्यात बादली वाजली. तोच. त्याला वाटतंय मी देवळात हाय. नका उठू, मॅडम. येऊ द्या त्याला वर. गप बसा.