जावेची साक्ष आणि माझा खांदा

माझं माहेर जामखेडच्या बाजूला, आन दिलं मला इकडं राहात्याला, पेरूच्या बागांत. शाळा चौथी. बापाच्या मनात पुढं शिकवायचं हुतं, पन आई गेली आन चूल माझ्याकडं आली. दहाव्या वर्षी भाकर थापायला बसले ती बसलेच. आमी ख्रिस्ती मानसं, पनज्याच्या काळापासून. लग्न झालं तवा मालक मुलींच्या बोर्डिंगात माळी हुते, तिथली स्वयंपाकाची बाई पडली आजारी, तर मॅडम म्हनल्या शांता, चार दिवस सांभाळ. ते चार दिवस एकतीस वर्सं चालले.

शंभरावर पोरी, दोन वेळचं जेवन. दुसरी बाई भाजायची, मी थापायची. बाजरीचं पीठ मळायचं म्हंजे नुसता हात लागत न्हाई, खांद्यातून रेटावं लागतं, थंडीत तर लई जड जातं. तुमी लिहिताय तर हे लिहा, की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली हाय, कुनीबी बघून सांगंल. बोर्डिंग सोडून लई वर्सं झाली, पन खांदा अजून तिथंच कामाला हाय. हात डोक्यापर्यंत जात न्हाई, वेनी सून घालती. डॉक्टरनं फोटो काढला आन म्हनला आजी, यात काय दिसत न्हाई. मी म्हनले तुला दिसत न्हाई, मला दुखतंय, आता दोघांत कुनाचं खरं धरायचं.

आता जावेचं सांगते. एस्तेर, माझी धाकटी जाऊ. बालवाडीवर बाई हुती, खुर्चीत बसायची, पोरांची गानी म्हनायची. तिची कंबर दुखायला लागली. दुखत नव्हती असं मी म्हनत न्हाई, पन तिचं दुखनं सगळ्या घराचं दुखनं. दिरानं कमरेचा पट्टा आनला, पोरानं पुन्याहून गादी आनली, तिची सून गरम पान्याची पिशवी घेऊन मागं. आन माझ्या खांद्याला काय, तर मालकांच्या जुन्या धोतराची पट्टी, तीबी मीच फाडलेली. मालक चांगले हुते, त्यांच्या ध्यानात यायचं न्हाई एवढंच. पन तिचा पट्टा बघून माझ्या पोटात जळायचं, खरं सांगते. एकदा ती घरात नसताना मी तो बांधून बघितला. मला कमरेचं काय नव्हतं, तरी बांधला.

मंग दोन वर्सांमागं चर्चच्या हॉलात दर शुक्रवारी नगरहून एक मुलगी यायला लागली. शिकलेली, बोलायला गोड. तिचं म्हननं असं की जुनं दुखनं मनात दाबलेल्या गोष्टींनी धरून राहतं, तर त्या बोलून टाका. एस्तेर गेली, रडली, महिन्याभरात पट्टा काढला. आमच्याकडं देवानं कुनाला काय चांगलं दिलं तर रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष देतात. एका रविवारी ही उठली, ताठ, आन सगळ्या मंडळीसमोर म्हनली, माझ्या मनात थोरल्या जावेबद्दल कडूपना हुता, माझ्या लेकीच्या लग्नातून त्या न जेवता निघून गेल्या, मी त्यांना क्षमा केली आन प्रभूनं माझी कंबर मोकळी केली. लोक आमेन म्हनले आन माना वळल्या माझ्याकडं.

काय सांगू तुमाला. क्षमा हिनं केली, आन मला. त्या लग्नाला भाकरी करायला सांगितलेली बाई आली न्हाई. तर ही म्हनली, बाई, तुमच्यासारखा हात कुनाचा हाय, आन मला मांडवामागं चुलीपाशी बसवलं. मी नवरीची थोरली चुलती. नवं लुगडं नेसलेली. तिकडं चर्चात लग्न लागलं तवा मी कोपरापर्यंत पिठात. मंग हात धुतले आन घरी चालत आले.

आता सगळे मागं लागले. पाळकबाई, आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायको, म्हनल्या शांताबाई, तुमीबी जा की, एस्तेरचं बघा कसं झालं. सून म्हनली आई, जाऊन तर या, तिथं काय सुई टोचत न्हाईत. पन मला भ्या वेगळं हुतं. बरं वाटलं न्हाई तर गेलं काय, आन वाटलं तर? तर हे सगळे म्हननार, भाकरींनी काय झालं नव्हतं, म्हातारी जळत हुती म्हनून दुखत हुतं. मंग एकतीस वर्सं कुठं गेली? बोर्डिंगच्या पोरी नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, कुनी विचारायला येत न्हाई. दाखवायला माझ्याकडं खांदाच हाय.

तरी गेले. सुनेचं तोंड बंद करायला गेले. मुलगी म्हनली आजी, तुमचं दुखनं खोटं हाय असं मी म्हनत न्हाई, पन दुखनं मेंदूत तयार होतं. मी म्हनले मंग भाकरी कुठं थापल्या, मेंदूत का? ती हसली. राग न्हाई आला तिला, ते मला आवडलं. मंग तिनं विचारलं, आजी, कुनाचा राग हाय? आन काय झालं कुनास ठाऊक, मी मांडवापासून पट्ट्यापर्यंत सगळं बोलून गेले. रडले न्हाई.

शनिवारी सकाळी फळीवरचा चहाचा डबा काढला आन तो हातात आल्यावर ध्यानात आलं, की हात वर गेला. दुखलं न्हाई. परत वर केला. न्हाई दुखलं. मी डबा ठेवला आन सुनेला हाक मारली, ये गं, वेनी घाल. ती म्हनली आज लई दुखतंय का, मी म्हनले व्हय.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कुनाची साक्ष हाय का. एस्तेर माझ्याकडं बघत हुती. मी खांद्यावर पदर घेऊन बसून राहिले. बाहेर आल्यावर तिनं धरलं, बाई, काय फरक? मी म्हनले काडीचा न्हाई. तिचं तोंड उतरलं. तिथं बोललात तरी काय, म्हनली. मी म्हनले तुझ्या मांडवामागची चूल. तर ती म्हनती, मी कुठं बसवलं, तुमीच तर बसलात, मला वाटलं तुमाला आवडतं.

सोमवारी उठले आन खांदा हुता तसा दुखत हुता. आदल्या दिवशी चर्चाहून आल्यावर मी दोन गोधड्या धुतल्या हुत्या, गोधड्या ओल्या किती जड होत्यात तुमाला ठाऊक हाय. त्यानंच दुखला. दुखनं परत आलं म्हनून मला बरं वाटलं, हे तुमी लिहिलं तरी चालंल. आन दोन दिवस नव्हतं, तेबी लिहा. सुनेला मी अजून सांगितलं न्हाई.

त्या मुलीकडं परत गेले न्हाई. एस्तेर अजून ताठ चालती. देव तिची कंबर अशीच ठेवो, मी खोटं म्हनत न्हाई, रोज प्रार्थनेत तिचं नाव घेते. फकस्त चर्चात तिनं माझ्या शेजारी बसू नये, पुढं लई बाक मोकळे असतात.